जनावरांना कळते; पण दावे कोणी सोडायचे?

मृग नक्षत्र तोंडावर आले की आमच्या चिखली परिसरात सर्वत्र एकच विषय निघतो. बाजार समितीच्या आवारात, एस.टी. स्थानकाजवळच्या चहाच्या टपरीवर आणि महाविद्यालयातील प्राध्यापकांच्या खोलीतसुद्धा पावसाचीच चर्चा असते. कावळ्याने यंदा घरटे बाभळीवर बांधले की आंब्यावर, टिटवीने अंडी नाल्याच्या पात्रात घातली की उंच धुऱ्यावर, मुंग्या अंडी तोंडात धरून भिंत चढू लागल्या की नाही, पावशा ‘पेरते व्हा’ म्हणाला की नाही, याची वार्ता खता-बियाण्यांच्या भावाच्या बरोबरीने गावोगाव फिरते. या चर्चेला जोडूनच आणखी एक समजूत हमखास ऐकू येते. वादळ, गारपीट, भूकंप यांसारख्या अरिष्टांची चाहूल माणसाच्या आधी जनावराला लागते, ही ती समजूत होय. सुशिक्षितांपैकी काही जण तिला भाबडेपणा म्हणून उडवून लावतात, तर काही जण पूर्वजांच्या सर्वज्ञतेचा पुरावा म्हणून ती डोक्यावर घेऊन नाचतात. दोन्ही पक्षांनी विचार करण्याचे कष्ट मात्र वाचविलेले असतात.

अर्थशास्त्राच्या अध्यापकाने या वादात पडण्याचे कारण काय, असा प्रश्न वाचकांना पडणे स्वाभाविक आहे. परंतु ज्या समजुतीवर पेरणीचा दिवस ठरतो आणि ज्या सूचनेवर माणसांचे व गुराढोरांचे प्राण अवलंबून असतात, ती केवळ प्राणिशास्त्राची बाब राहत नाही. तिच्या नफ्यातोट्याचा हिशेब कोणीतरी मांडलाच पाहिजे.

काही वर्षांपूर्वीची जूनमधली एक दुपार मला विसरता येत नाही. तालुक्यातील माझ्या गावी शेजारच्या वावरात वखरणी आटोपून बैलजोडी धुऱ्यावरच्या निंबाखाली बांधलेली होती. पश्चिमेला आभाळाची काळी कड दिसत होती. डोक्यावर मात्र लख्ख ऊन होते. बैलांनी कडब्याला तोंड लावले नव्हते. कान ताठ करून ते दाव्याला हिसके देत होते. धन्याने ते पाहिले, गोमाश्या त्रास देत असाव्यात असे मनाशी म्हटले आणि बियाण्याची सोय पाहण्यासाठी तो गावात निघून गेला. पाऊण तासात वादळ आले, त्या निंबावर वीज पडली आणि दोन्ही बैल जागच्या जागी आडवे झाले. संध्याकाळी मी त्याला भेटावयास गेलो, तेव्हा तो एवढेच म्हणाला, ‘‘जनावराले समजलं होतं, सर, पन दावं मीच बांधेल होतं.’’ या विषयावर पुढे बरेच वाचले. परंतु त्या एका वाक्याइतके नेमके काही माझ्या वाचनात आलेले नाही.

कळते ते काय?

त्या बैलांना काय समजले असावे, यात गूढ असे काही नाही. साधारणतः २० हर्ट्झच्या खालचा ध्वनी माणसाच्या कानाला ऐकू येत नाही. हत्ती त्याहून खालच्या पट्टीत परस्परांशी बोलतात आणि कबुतराला तर एका हर्ट्झहूनही कमी कंपनांचा बोध होतो, हे प्रयोगांनी सिद्ध झाले आहे. मोठी वादळे नेमक्या अशाच लहरी निर्माण करतात व त्या शेकडो किलोमीटर प्रवास करू शकतात. त्याखेरीज हवेचा उतरणारा दाब, वाढणारी आर्द्रता, पालटलेली वाऱ्याची दिशा आणि त्या वाऱ्यावर आलेला ओल्या मातीचा वास या गोष्टी आहेतच. छपराखाली राहणारा माणूस ज्यांच्याकडे दुर्लक्ष करू शकतो, त्या उघड्यावर जगणाऱ्या जीवाला टाळता येत नाहीत.

याला चांगले पुरावे आहेत. अमेरिकेतील टेनेसी राज्यात २०१४ च्या एप्रिलमध्ये काही संशोधक सोनेरी पंखांच्या वटवट्या जातीच्या चिमुकल्या पक्ष्यांच्या अंगावर सूक्ष्म नोंदयंत्रे बसवून त्यांच्या स्थलांतराचा अभ्यास करीत होते. चक्रीवादळांची एक भयंकर मालिका त्या प्रदेशावर आली. वादळ अद्याप शेकडो किलोमीटर दूर असतानाच हे पक्षी आपला प्रदेश सोडून निघून गेले आणि ते ओसरल्यावर परतले. २००१ मध्ये फ्लॉरिडातील एका उथळ खाडीत खुणा लावून सोडलेले लहान शार्क मासे वादळापूर्वी हवेचा दाब उतरताच खोल पाण्याकडे गेल्याचे आढळले. आपल्याकडे सहाव्या शतकातील वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त यासाठी एक अध्याय दिला आहे. मुंग्यांनी अंडी हलविणे, सापांनी झाडावर चढणे, गाईंनी उड्या मारणे ही लक्षणे त्यात सांगितली आहेत. त्या अध्यायाचे नाव ‘सद्योवर्षण’, म्हणजे लगोलग पडणारा पाऊस, असे आहे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. मुंग्यांच्या हालचालीवरून येत्या चार महिन्यांचे पाऊसमान काढावे, असे त्या अध्यायात म्हटलेले नाही.

सांगावयाचे तात्पर्य असे की, जे घडू लागलेले आहे, परंतु आपल्यापर्यंत पोहोचलेले नाही, ते जनावराला आपल्या आधी जाणवू शकते. भूकंपाच्या बाबतीतही हाच न्याय आहे. भूकंपाच्या प्राथमिक लहरी सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर वेगाने येतात आणि इमारती हलविणाऱ्या दुय्यम लहरी सुमारे साडेतीन किलोमीटर वेगाने त्यांच्या मागून येतात. केंद्रापासून १०० किलोमीटरवरच्या गोठ्यातील गाय पहिल्या सूक्ष्म थरथरीने दचकली, तर माणसाला हादरा जाणवण्याच्या दहाबारा सेकंद आधी ती उभी राहील. पाहणाऱ्याला हे भविष्यज्ञान वाटते. प्रत्यक्षात ते तीक्ष्ण इंद्रियांनी टिपलेले वर्तमान असते. केंद्रावरच्या गावात तर ही सवलत एकदोन सेकंदांपुरतीच उरते.

घडू लागलेले आणि घडावयाचे

घोटाळा होतो तो यापुढे. सेकंदांची किंवा तासांची चाहूल आपण दिवसांवर आणि महिन्यांवर ताणतो. या संदर्भात चीनमधील हायचेंगचे उदाहरण नेहमी दिले जाते. ४ फेब्रुवारी १९७५ रोजी तेथे ७.३ तीव्रतेचा भूकंप झाला. त्यापूर्वी ऐन हिवाळ्यात साप बिळांबाहेर पडून गोठून मेल्याच्या आणि गुरेढोरे बिथरल्याच्या वार्ता आल्या होत्या. लोकांना घराबाहेर काढण्यात आले व मृतांची संख्या दोन हजारांच्या आसपास राहिली. एरवी ती कितीतरी पटींनी वाढली असती. पण लोकांना बाहेर काढण्यामागचे सर्वांत सबळ कारण सापांचे नव्हते. मुख्य धक्क्यापूर्वी त्या भागाला शेकडो लहान पूर्वधक्के बसले होते. अवघ्या दीड वर्षाने, २८ जुलै १९७६ रोजी, त्याच देशात तांगशान शहर झोपेत गाडले गेले. तेथे असे पूर्वधक्के बसले नाहीत, इशाराही दिला गेला नाही आणि सरकारी आकड्यांप्रमाणेच सुमारे २ लाख ४२ हजार माणसे दगावली. साप आणि गुरे तांगशानच्या आसपासही होतीच.

इटलीतील ला’क्विला येथील ६ एप्रिल २००९ च्या भूकंपाच्या पाच दिवस आधी, केंद्रापासून ७४ किलोमीटरवरच्या एका तळ्यातून ९६ टक्के नर भेक निघून गेले, असे एका संशोधिकेला दिसून आले. हे निरीक्षण प्रामाणिक आणि कुतूहल वाढविणारे आहे, तरीही ते एका तळ्याचे आणि एका भूकंपाचे आहे. याउलट २६ डिसेंबर २००४ च्या सुनामीनंतर श्रीलंकेच्या याला अभयारण्यातील हत्ती आधीच डोंगराकडे पळाल्याची कथा जगभर पसरली. तेथील काही हत्तींच्या गळ्यात उपग्रहाद्वारे माग काढणारे पट्टे होते. त्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा असे काही घडल्याचे दिसले नाही. २०१८ मध्ये जर्मनीतील भूकंपशास्त्रज्ञांनी १६० भूकंपांशी संबंधित अशा प्राण्यांच्या वर्तनाच्या ७२९ नोंदी एकत्र करून पडताळल्या. बहुतेक नोंदी भूकंपानंतर आठवून सांगितलेल्या आणि एकेकट्या होत्या. पूर्वधक्क्यांनी ज्यांचा उलगडा होऊ शकेल अशाही पुष्कळ होत्या. ‘जनावरांना भूकंप आधी कळतो’ असे ठामपणे म्हणण्याइतका आधार त्यांतून निघाला नाही.

एकाच रकान्याचा हिशेब

माझ्या विद्यार्थ्यांना मी एक साधा तक्ता काढावयास सांगतो. खूण दिसली आणि अरिष्ट आले, हा पहिला रकाना. खूण दिसली पण काहीच झाले नाही, हा दुसरा. खूण दिसली नाही तरी अरिष्ट आले, हा तिसरा. खूण नाही आणि अरिष्टही नाही, हा चौथा. लोकांच्या स्मरणात राहतो तो केवळ पहिला. बैलाने दाव्याला हिसका दिला आणि वीज पडली, ही गोष्ट तालुकाभर होते. गोमाशीने, तहानेने किंवा शेजारच्या कळपाच्या वाऱ्याने त्याच बैलाने शंभर वेळा हिसके दिले असतील. त्यांची गोष्ट होत नाही. ११ फेब्रुवारी २०१८ च्या गारपिटीने बुलढाणा-जालना पट्ट्यातील रब्बी पिके झोडपून काढली. अशा गारपिटीनंतर वडापिंपळाखाली मरून पडलेल्या पोपटांचा आणि साळुंक्यांचा सडा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना तिसऱ्या रकान्याची ओळख वेगळी करून द्यावयास नको. पंख असलेल्या आणि कोणत्याही दाव्याला न बांधलेल्या त्या पाखरांनाही सुटता आले नव्हते.

आमच्याच जिल्ह्यात घाटाखाली, जळगाव जामोद तालुक्यात, भेंडवळची घटमांडणी प्रसिद्ध आहे. अक्षय्य तृतीयेला शेतात घट मांडावयाचा, भोवती निरनिराळी धान्ये ठेवावयाची आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांत झालेल्या बदलांवरून पाऊस, पिके व राजकारण यांचे भाकीत सांगावयाचे, अशी ही पिढ्यान्‌पिढ्यांची प्रथा आहे. ते ऐकण्यासाठी शेतकरी दुरून येतात. त्यांची टवाळी मी करणार नाही. ज्याची वर्षभराची भाकर आभाळावर अवलंबून आहे, तो आधार शोधणारच. प्रश्न एवढाच आहे की, चुकलेल्या भाकितांची वही कोठे आहे? वेधशाळेचे भाकीतही चुकते. २००२ साली हवामान खात्याने सरासरीइतक्या पावसाचा अंदाज दिला होता. प्रत्यक्षात देशात १९ टक्के तूट पडली व दुष्काळ आला. परंतु ती चूक छापील आकड्यांत नोंदली गेली आणि पुढच्याच वर्षी खात्याला आपली पद्धत बदलावी लागली. शास्त्र आणि समजूत यांतला भेद नेमका येथे आहे. शास्त्रही चुकते, मात्र चूक मोजण्याची सोय त्याने स्वतःच करून ठेवलेली असते.

आणि ही चूक फुकट नसते. मुंग्या निघाल्या, पावशा ओरडला, म्हणून पहिल्याच सरीवर ज्याने सोयाबीन पेरले आणि पुढे पंधरा दिवस आभाळ कोरडे राहिले, त्याच्यावर दुबार पेरणीची पाळी येते. एकरी ३० किलो बियाणे, खत, मजुरी, सारे पुन्हा. आणि तेही सावकाराच्या किंवा कृषी केंद्राच्या उधारीवर. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याखेरीज पेरू नका, हा कृषी खात्याचा सल्ला रूक्ष वाटतो; त्यात पावशाच्या सादेचे काव्य नाही. पण सल्ला देणारे कोणीही असो, तो चुकला तर भुर्दंड पाच एकरवाल्यालाच पडतो. म्हणून कोणत्याही भाकिताला पहिला प्रश्न विचारावयाचा तो हा, की तुझा हात किती वेळा चुकला?

खुणांचा दुष्काळ नव्हता

येथवरच्या विवेचनाने शहाण्या वाचकांचे समाधान झाले असेल. तथापि एवढ्यावर थांबलो, तर माझ्या गावच्या त्या शेतकऱ्यावर अन्याय होईल. तो खूण चुकल्याबद्दल बोलत नव्हता. खूण मिळूनही ती कामास आली नाही, याबद्दल बोलत होता. या दृष्टीने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा धडा किल्लारीचा आहे.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर-उस्मानाबाद भागाला भूकंपाचा धक्का बसला. आदल्या रात्री गणेश विसर्जन करून गावे नुकतीच झोपली होती. जवळजवळ दहा हजार माणसे गेली. त्या रात्री कुत्री रडत होती, गुरे दावी तोडत होती, असे सांगणारे पुढे पुष्कळ भेटले. पण कुत्र्यांच्या रडण्यापर्यंत जाण्याची गरजच काय? १९९२ च्या ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत किल्लारी परिसराला शंभराहून अधिक लहानमोठे हादरे बसले होते. लोकांनी घाबरून बाहेर झोपून पाहिले. हादरे थांबले आणि लोक पुन्हा त्याच घरांत परतले. त्यांचे चुकले असे कोणी म्हणावे? त्या काळच्या भूकंपप्रवणतेच्या नकाशावर हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात दाखविलेला होता, आणि वर्षभर अंगणात झोपणे कोणाही कष्टकऱ्याला परवडत नाही. माणसे मेली ती प्रामुख्याने मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरचे मातीचे जड माळवद अंगावर कोसळून. आमच्याकडच्या जुन्या धाब्याच्या घरांची ठेवणही याहून फारशी निराळी नाही. जमिनीने स्वतः वर्षभर आधी इतक्या मोठ्याने इशारा दिला असताना जे साधले नाही, ते कुत्र्याच्या रडण्याने साधले असते, असे मानण्यात अर्थ नाही. तेथे उणीव होती ती न कोसळणाऱ्या घरांची.

मुभेचा प्रश्न

माहितीचे मोल ती वापरण्याच्या मुभेवर ठरते, हे अर्थशास्त्रातले साधे तत्त्व आहे. विजेच्या बाबतीत ते आमच्या डोळ्यांसमोर दरवर्षी सिद्ध होते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशात वीज पडून २,८८७ माणसे दगावली. नैसर्गिक आपत्तींतील मृत्यूंपैकी ही संख्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने ‘दामिनी’ नावाचे ॲप तयार केले आहे. आसपासच्या विजांची सूचना ते सुमारे अर्धा तास आधी देते. राज्यातील दोन हजारांहून अधिक महसूल मंडळांत ‘महावेध’ प्रकल्पाखाली स्वयंचलित हवामान केंद्रे उभारण्यात आली. म्हणजे बैलाचे कान आता आपण यंत्राला बसविले आहेत, आणि हे कान गोमाशीने हलत नाहीत.

परंतु परतीच्या पावसात सोयाबीनची सोंगणी चालू असताना दुपारी तीन वाजता मोबाईल वाजला, तर वावरातल्या दहा मजूरबायांनी काय करावे? आभाळ त्यांनाही दिसते. शेळ्या एका जागी गोळा झालेल्या त्याही पाहतात. काम टाकून गावाकडे निघाल्या, तर अर्ध्या दिवसाची मजुरी बुडते. सोंगणीचे काम उक्ते घेतलेले असेल, तर एकर पुरा झाल्याखेरीज पैसा नाही. म्हणून त्या जवळच्या झाडाखाली थांबतात, आणि वीज झाडावरच पडते. शेताचा मालक काही राक्षस नसतो. सुडी भिजली तर त्याचेही वर्ष बुडते. बांधलेला बैल आणि उक्त्या कामाची मजूरबाई यांच्या दाव्यांत प्रकाराचा फरक आहे. हिसका मात्र तोच आहे.

हे दावे सोडविण्यास फार मोठा खजिना लागेल असेही नाही. विजेच्या सूचनेमुळे काम तास-दीड तास थांबले तर त्या वेळेची मजुरी कापावयाची नाही, असा ठराव प्रत्येक ग्रामसभेला करता येईल. रोजगार हमीसारख्या सरकारी कामांवर तर तो आदेशानेच लागू करता येईल. शिवारात ठिकठिकाणी तडितरक्षक बसविलेले साधे पक्के निवारे उभारता येतील. आलेली सूचना ज्यांच्या हाती मोबाईल नाही त्यांच्यापर्यंत देवळाच्या अथवा मशिदीच्या ध्वनिक्षेपकावरून पोहोचविता येईल. जूनमध्ये व परतीच्या पावसात दुपारनंतर जनावर उंच झाडाखाली बांधावयाचे नाही, ही सवय तर बिनखर्चाची आहे. केंद्राने २०२२ मध्ये ठरविलेल्या निकषांप्रमाणे दगावलेल्या ओढकामाच्या जनावरामागे ३२ हजार आणि माणसामागे ४ लाख रुपये मदत मिळते. आज चांगली बैलजोडी लाखाच्या पुढे जाते. माणसाची किंमत तर मांडताच येत नाही. मरणानंतरच्या मदतीच्या तुलनेत तासाभराच्या मजुरीचा खर्च किती क्षुल्लक आहे, हे समजण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

आणि ज्यांना जनावरांच्या ज्ञानाचा खरोखर अभिमान आहे, त्यांच्यासाठीही काम आहे. आमच्या तालुक्यातील शाळा-महाविद्यालयांतील मुले गुराख्यांच्या आणि शेतकऱ्यांच्या घरांतली आहेत. त्यांनी एक वही घालावी. टिटवीची अंडी, मुंग्यांची रांग, बैलांची बेचैनी, जे दिसेल ते त्याच दिवशी, पाऊस पडण्याच्या आधी, तारखेनिशी लिहावे आणि चारही रकाने भरावेत. दहा वर्षांनी ती वही खरी निघाली तर वेधशाळेलाही तिचा उपयोग होईल. खोटी निघाली तर निदान दुबार पेरणीतून काही घरे वाचतील. पूर्वजांनी निरीक्षण केले, म्हणून त्यांना काही कळले. त्यांचा वारसा चालवावयाचा, तर निरीक्षण चालू ठेवले पाहिजे. निष्कर्षांचे नुसते पाठांतर म्हणजे वारसा नव्हे.

जनावरांना वादळाची चाहूल लागते काय? जवळ आलेल्या वादळाची अनेकांना लागते. चार महिन्यांच्या पावसाची किंवा चार दिवसांनंतरच्या भूकंपाची लागते, असे म्हणण्यास पुरावा नाही. या प्रश्नाचे उत्तर इतके सरळ आहे. दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे आणि तो जनावरांना विचारता येण्यासारखा नाही. माझ्या गावच्या त्या शेतकऱ्याने पुढे कर्ज काढून दुसरी जोडी घेतली. त्या वर्षापासून तो दुपारचे बैल निंबाखाली बांधत नाही. वावरात काम करणाऱ्या बायांनाही तो पश्चिमेची कड काळी होताच घरी पाठवतो आणि मजुरी पूर्ण देतो. त्याच्याकडे ॲप नाही, की घटमांडणीचे भाकीत नाही. दावे कोणाच्या हातात असते, एवढेच त्याला कळले आहे. ते आपल्याला, आणि आपल्या सरकारला, दोन बैलांच्या किमतीवाचून कळावे.